ओळख दिली नाही

साओ पावलो,
गुरुवार, १४ मे

प्रिय एडिलेउझाताई,

कशी आहेस? खोकला थांबला का? मी बरी आहे. वसतिगृहात आता खिडकीजवळची खाट मिळाली. दोन वेळा भात आणि घेवडा, रविवारी कोंबडी. शरीररचनेच्या परीक्षेत मी वर्गात चौथी आले.

हे सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही, ते तुलाही कळलं असेल.

परवा आमचा मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा गट तुमच्या पुलाखाली मलमपट्टी करायला आला, तेव्हा तू रांगेत होतीस. पत्र्यानं कापलेला तळहात पुढे केलास. मी मास्क लावला होता, तरी तू मला डोळ्यांवरून ओळखलंस. मी जखम धुऊ लागले तशी म्हणालीस, "हळू गं बाई, हात आहे, पुठ्ठा नव्हे!" सगळे हसले. माझ्या वर्गातली बेआत्रिझ म्हणाली, "तुला बरी 'गं' म्हणते ही! ओळखीची आहे का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पट्टी गुंडाळत राहिले.

"मी कुठली ओळखणार डॉक्टरणींना!" असं म्हणून तू रद्दीचा गाडा ओढत निघून गेलीस.

त्याच गाड्यावर बसून मी तीन वर्षं अभ्यास केला. आई गेली, खोलीतून आपल्याला बाहेर काढलं, त्यानंतरची तीन वर्षं. तुला वाचता येत नाही, पण रद्दीतून चित्रं बघून तू माझ्यासाठी पुस्तकं वेगळी काढायचीस. प्रवेश परीक्षेच्या सकाळी बसस्थानकाच्या नळाखाली माझे केस धुतलेस. आणि मी वर्गात सांगून ठेवलंय की माझी बहीण दूर गावी शिवणकाम करते.

काल बेआत्रिझला खरं सांगितलं. आज ती जेवायला दुसऱ्या टेबलावर बसली. बसू दे.

हे पत्र चर्चच्या स्वयंपाकघरातली डोना झेफा तुला वाचून दाखवेल. तिला हळू आवाजात वाचता येत नाही, जेवणाची अख्खी रांग ऐकेल. म्हणूनच तिच्याकडे पाठवतेय. ऐकू दे सगळ्यांना, की ज्यांदिरा ही एडिलेउझाची सख्खी बहीण आहे आणि तिनं ताईला ओळख दिली नाही.

रविवारी जखम बघायला येते. तोवर हात ओला करू नकोस. माझ्या तोंडावर लावायला तुझ्याकडे दार नाही. पाठ फिरवलीस तर मात्र मी तिथेच बसून राहीन.

चारचौघांत तुझीच,
ज्यांदिरा