दोन टोल्यांच्या आधी

दि. ३ मार्च

ती. मामांस,
तुमच्या टिटवीचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन मामी उचलते आणि माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून तिला कळतं की काहीतरी बिनसलंय.

शनिवारी दुपारी माझ्या गाडीवर अपघात झाला. कुणी दगावलं नाही, हे आधी सांगते. लांबलचक, सरळ फलाट होता. मागच्या, गार्डच्या केबिनमधून मी दारं उघडली, माणसं उतरली-चढली, बटण दाबून दारं लावली. सगळी लागल्याचा दिवा लागला. मग तुम्ही शिकवलंत तशी फलाटावर उरलेल्यांची तोंडं पाहिली. कुणी थबकलं नव्हतं, कुणी मान वळवून गाडीकडे बघत नव्हतं. सगळे आपले जिन्याकडे निघालेले. मी ड्रायव्हरला घंटीचे दोन टोले दिले, गाडी हलली आणि पुढून किंकाळी आली.

पुढून दुसऱ्या डब्याच्या दारात एका बाईंच्या पिशवीचा पट्टा अडकला होता. इतका पातळ, की दाराला तो कळलाच नाही. त्यांच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. मी ब्रेक ओढेपर्यंत दहा-बारा पावलं त्या फरफटत गेल्या. उजवं मनगट मोडलं. शिवणकाम करतात म्हणे.

पंचवीस तारखेला चौकशी आहे. मी अजून कायम झालेली नाही, एका शेऱ्यावर घरी बसवतील. विचारणार एकच: दारं लागल्यावर, टोले देण्याआधी, पुन्हा दारांवरून नजर फिरवली का? मामा, मी ती माणसांवरून फिरवली. काय सांगू? सध्या घरात कपाट लावलं तरी दोनदा ओढून बघते. घास घशाखाली उतरत नाही.

मामीला यातलं काही कळू देऊ नका.

तुमचीच,
टिटवी


दि. १२ मार्च

चि. टिटवीस,
मामाचे अनेक आ.

तुझं पत्र मामीच्या हाती लागू नये म्हणून पिठाच्या डब्यामागे लपवलं. त्यामुळे ते माझ्याआधी तिनंच दोनदा वाचलं. आता घरात दोघंही जागरण करतो.

पोरी, धीर सोडू नकोस. मी काही फार शिकलेला माणूस नाही, पण एकतीस वर्षं शेवटच्या डब्यातून डोकं बाहेर काढून उभा होतो. दिवा लागला होता ना? मग तुझ्याकडून काम झालं. साहेबांनी विचारलं तर छातीठोक सांग, नजर फिरवली म्हणून. तू फिरवली नाहीस हे बघायला तिथे कोण होतं? त्या बाईंचं वाईट वाटतंच, पण तुझी नोकरी गेल्यानं त्यांचं मनगट जुळणार आहे का?

काल मंगळवार. तुझी दुपारची गाडी आमच्या स्टेशनावरून जाते म्हणून मामीला न सांगता फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तू केबिनमधून वाकून बघत होतीस. मी हात केला, तूही केलास. बरी भरलेली दिसलीस, म्हणजे जेवण जात नाही ही तुझी जुनीच थाप. जीव भांड्यात पडला. घरी येऊन मामीला सांगितलं, पोरगी ताठ उभी आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

वेळेवर जेव. आणि आम्हां म्हाताऱ्यांना विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
मामा


दि. १५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग खुर्चीत बसून राहिले.

मंगळवारी गाडीवर मी नव्हते. त्याआधीच्या शुक्रवारीच मला गाडीवरून उतरवलं. आता डेपोच्या कोठीत बसून जुन्या हातदिव्यांच्या काचा पुसते. त्या केबिनमध्ये आमचा दाढीवाला गार्ड होता. वजन नव्वद किलो. कोठीत येऊन तो मला सांगत होता की एका आजोबांनी इतक्या मायेनं हात केला, की न ओळखताही त्यानं उलट हात हलवला.

मामा, रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. फलाटाच्या टोकाला तुम्ही, आणि शेवटच्या डब्यात तो. गाडी तुमच्या अगदी पुढ्यातून गेली असणार. तरी दाढी दिसली नाही? कधीपासून दिसत नाही तुम्हांला?

आणखी एक विचारते. दारांकडे काय बघायचं, माणसांची तोंडं बघ, ती सगळं सांगतात, असं तुम्ही शिकवायचात. मला ते फार मोठं शहाणपण वाटलं. नियमाच्या पुस्तकात ते कुठेच नाही. काल पूर्ण पुस्तक चाळलं.

तुमच्या हाताखाली शिकलेले आणखी पाच जण आजही तोंडं बघूनच टोले देतात. मी त्यांना विचारलं. सगळ्यांना त्याचा अभिमान आहे.

खरं काय ते लिहा. माया कमी होणार नाही, त्याची काळजी नको.

तुमची,
टिटवी


दि. २० मार्च

चि. टिटवीस,
अनेक आ.

तू विचारलंस ते बरं केलंस. कुणीतरी विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहत होतो, आणि कुणी विचारू नये म्हणून किती धडपडत होतो.

नोकरीची शेवटची पाच वर्षं मला चौथ्या डब्यापलीकडची दारं दिसत नव्हती. सगळी मिळून एक करडी रेघ. आता तर चार हातांपलीकडचं तोंडही ओळखू येत नाही. हातातलं अजूनही स्वच्छ दिसतं, हे पत्र बिनचष्म्याचं लिहितोय, म्हणून घरात कुणाला संशय आला नाही. डोळे तपासायला बोलावायचे तेव्हा मी मुद्दाम रांगेत मागे बसायचो. आत पुढचे लोक तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायचे, ती बाहेर ऐकून पाठ करायचो. मग डॉक्टरपुढे घडाघडा म्हणायचो. दरवर्षी तोच तक्ता.

दारं दिसेनात म्हणून मी जवळच्या माणसांची तोंडं वाचायला लागलो. ती लंगड्याची काठी होती, पोरी. माझ्या गाडीखाली कुणी आलं नाही, ते निव्वळ नशीब. पण लोक त्याला हुशारी म्हणाले, नव्या पोरांना माझ्याकडे शिकायला पाठवलं, आणि मी फुगलो. धडधाकट डोळ्यांच्या पोरीच्या हातात मी माझी काठी दिली. त्या बाईंचं मनगट माझ्यामुळे मोडलं. वर तुला खोटं बोलायला सांगितलं, ते वेगळंच.

सोबत बंद पाकीट आहे. ते चौकशीच्या साहेबांना दे. त्यात सगळं लिहिलंय, पोटात काही ठेवलेलं नाही. डेपोच्या भिंतीवर ‘अपघाताविना एकतीस वर्षं’ लिहिलेला माझा फोटो आहे, तो उतरवणार असतील तर उतरवू देत. मामीला सांगितलं. दोन दिवस तिनं अबोला धरला, आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, असं भिंतीकडे बघून बोलली.

पाकीट द्यायला कचरू नकोस, माझी शपथ आहे.

तुझा चुकलेला,
मामा


दि. २६ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल चौकशी झाली. पाकीट द्यायचं नाही, असं मी घरून ठरवूनच निघाले होते. खिशात घडी घालून ठेवलं होतं.

साहेबांनी विचारलं, मी सांगितलं की दारांवरून दुसऱ्यांदा नजर फिरवली नाही, माणसांची तोंडं बघितली. त्या बाई समोरच होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, डाव्या हातानं सुई धरायचा प्रयत्न चाललाय, शिवण साप काढल्यासारखी वाकडी येते. मग साहेबांनी विचारलं की ही तोंडं बघायची सवय कुठून लागली. मी खिशातलं पाकीट चाचपलं. तेवढ्यात बाहेरून एक गाडी सुटल्याचे टोले ऐकू आले, आणि त्या गाडीवर तुमच्याकडे शिकलेल्या पाचांतला एक जण होता. मामा, मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पाचही जणांना आजपासून गाडीवरून उतरवून पुन्हा शिकायला बसवलंय. डोळे तपासायचा तक्ता दर वेळी बदलणार आहेत. मला काढलं नाही. तीन महिने शिक्षण नव्यानं, आणि कायम होणं एक वर्ष लांबलं. फोटोच्या जागी आज नुसता खिळा आहे. पुसण्याच्या निमित्तानं फोटो मी कोठीत आणून ठेवलाय, दिव्यांच्या शेजारी. सगळ्यांपेक्षा धूळ त्याच्यावरच जास्त होती.

आता सरावाला पहिल्या डब्यापासून सुरुवात करते. एकेक दार बघते, मनात आकडा म्हणते, शेवटच्या दारापर्यंत येते, आणि मगच घंटीला हात लावते. अजून वेळ लागतो. शिकवणारे म्हणतात, काही दिवस लागू दे.

मामीला सांगा, डॉक्टरकडे तिनं स्वतः सोबत जावं आणि तुमच्या आधीचा कुणी आत अक्षरं मोठ्यानं वाचत असेल तर तुमचे कान झाकावेत.

१ जुलैला, मंगळवारी, दुपारच्या गाडीवर मी असेन. फलाटाच्या टोकाला या. पण यावेळी तुम्ही आधी हात करायचा नाही. मी करेन. डावा केला की उजवा, ते घरी गेल्यावर मला पत्रानं कळवा.

वाट बघतेय.

तुमचीच,
टिटवी