वीस लाखांवर निजलेलं बाळ

मुक्काम काशीद, नवरात्र, सन १९२३

माझगावच्या आवडामावशीच्या पायावर नीराचं डोकं. तुझा गुडघा कसा हाय? घट बसल्यापासून मला झोप न्हाय, कारण बाळाच्या गोधडीखाली वीस लाख हायत. तू हातातल्या पाटल्या काढू नको, का ते पुढं सांगते.

आपल्या कान्हादादानं बोटीवरून जर्मन मुलखातल्या नोटांची थैली आणली न् म्हणाला, "भाच्याला घे." (शून्यं त्यानंच मोजून दाखवली. मला अक्षरं पण त्यानंच शिकवली, मग खोटं कसं म्हणू?) कुत्रं भुंकलं की मला दरोडेखोर दिसायचे. मी कोयता घेऊन बसायची न् बाळ खुशाल लाखांवर मुतायचं. काल ओल्या नोटा सुकटीशेजारी वाळत घातल्या, तर कावळा एक लाख घेऊन माडावर बसला. मी खाली रडतेय, तेवढ्यात सासूबाय पाटी घेऊन आली.

सगळं ऐकून म्हणाली, "तिकडं पाव केवढ्याला, सांगितलं का दादानं?"

म्हटलं, "पंधरा लाखाला. दादा म्हणतो, केवढी श्रीमंत माणसं!"

सासूबाय हसत वाळूतच बसली. "अगं खुळे, गेल्या साली सगळ्या होड्या बांगड्यानं भरून आल्या, तेव्हा बांगड्याचं काय केलंस?"

"माडाला खत घातलं."

"मग! उद्या गावात घरटी अशी थैली आली, तर दर्यातली पापलेटं वाढतील व्हय? पापलेटं तेवढीच. मग मीच एक पापलेट लाखाला देईन. तिकडं नोटांचाच बांगडा झालाय."

मावशी, ह्या बाईला मी आजवर नुसती घाबरायची. आता तिच्या तोंडाकडं बघतच बसते. दर्या, बाजार, जर्मन मुलूख, सगळं तिच्या एका पाटीत मावतं गं! माझा कोयता काढून घेतला न् म्हणाली, "नीज आता."

पण कशी निजू? दादा जाताना बोलला, साठवलेला पगार न् मावशीच्या पाटल्या देऊन ह्या खेपेला पोतंभर नोटा आणतो.

तुझी,
नीरा

ता. क. नोट माडाखाली पडलेली मिळाली. कावळ्याला पण नको.

दुसरा ता. क. हे मावशीला वाचून दाखवणाऱ्या भाऊंना: मावशीचं मन मऊ हाय, दादानं हात पुढं केला की ती पाटल्या देईल. तुमच्या दुकानात फोन हाय म्हणतात. बोट सुटायच्या आधी बोटीच्या कचेरीत फोन करा, कान्हा खलाशाला बोलवा न् सांगा, पगार रुपयातच ठेव, पाटल्यांना हात लावू नको. माझं नाव सांगू नका, हसेल. सासूबायनं सांगितलंय म्हणा. तिला तो पण घाबरतो. पण फोन कराच, भाऊ.