तोतया तबकडी

सांगली, ६ जानेवारी १९७४, रविवार

आज आमच्या घरी मंडळ जमलं, तिथे बोलायला उभा राहिलो आणि बसायचंच विसरलो. म्हणालो, "लाखेच्या तबकड्या जपणाऱ्या मंडळींनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. दुकानात सुया मिळत नाहीत. ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली तर बसवून देणारा नाही. आणि वर आपल्यालाच सांगतात, जुनं फेका, तेच आम्ही शुद्ध करून नव्या एल.पी.वर दिलंय. तेच? कोणी ठरवलं, तेच म्हणून?" टाळ्या बऱ्या पडल्या.

नाट्यपदं झाली, एक ख्याल झाला. शेवटी नेहमीप्रमाणे मार्थाताईंच्या पिशवीतली तबकडी. त्या मिरजेहून बसने येतात, पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाहीत. आत दोनच तबकड्या, दोन्ही त्यांच्या भावाच्या. डॅनियल साळवे. मिरजेच्या चर्चमध्ये ऑर्गन शिकला, मुंबईच्या हॉटेलात जॅझ पियानो वाजवला, दुसरं महायुद्ध संपता संपता क्षयाने गेला. लेबलवर नाव डॅन सॅलवे. साळव्यांच्या पोराला साहेब केल्याशिवाय हॉटेलवाल्यांचं गिऱ्हाईक नाचलं नसतं.

तो वाजवताना खाली गुणगुणतो. शेवटचा सूर विरला की त्याच्याच तोंडचं ऐकू येतं, "चला, झालं." एवढ्यासाठी आमची माणसं श्वास रोखून बसतात.

९ जानेवारी, बुधवार

पाटणकरांच्या दुकानात ती एल.पी. आली. जुन्या हॉटेलांतला जॅझ पियानो, नव्या तंत्राने शुद्ध केलेला, स्टिरिओ. वेष्टनावर पियानो आणि त्यावर दोन गोरे हात. पाच-सहा वादक, त्यांत आमचा 'डॅन सॅलवे', पहिल्या तबकडीची एक बाजू.

पाटणकर म्हणाले, "सर, खरखर नावाला नाही. जणू कालच वाजवलंय."

"कालच वाजवलं असेल," मी म्हणालो.

ते हसले. मी हसलो नाही. घेतली. बायकोने, सुमतीने, शाळेतला रेकॉर्ड प्लेअर मागून आणलाय. त्यावर लाखेची चालत नाही, फक्त नव्या.

रात्री दोनदा लावली. हे काहीतरी वेगळं आहे. काय, ते नेमकं सांगता येत नाही, पण

१३ जानेवारी, रविवार

सांगता येतं. मंडळात आधी एल.पी. लावली, मग ग्रामोफोनवर लाखेची. एल.पी.वरचा माणूस सावकाश वाजवतो. सूरही खालचा. आपला डॅनियल पळतो, हा चालतो. गुणगुणणं नाही. 'चला, झालं' तर नाहीच. शेवटचा सूर संपतो आणि दार लावल्यासारखी शांतता.

सुभेदार पवार सगळ्यांत आधी बोलले. सध्या कुपवाडच्या कारखान्यावर पहाऱ्याला असतात. लढाईच्या दिवसांत मुंबईला साहेब लोकांच्या क्लबात त्यांची ड्युटी होती, तिथे डॅनियलला ऐकलाय. "आवं सर, ह्यो त्यो न्हवंच. त्यो वाजवाय लागला की लादी हालायची. ह्यो जेवून झोपाय निघालाय."

प्रत्यक्ष ऐकलेला माणूस. आणखी कसली साक्ष हवी? तरी मार्थाताईंना विचारलं. त्यांनी आधी तबकडी पिशवीत घातली. मग म्हणाल्या, "आमचा डॅनियल एवढा शांत कधी नव्हता."

माझ्यापुरता निकाल लागला. मूळ रेकॉर्डिंग खराब झालं असणार. मुंबईत कोणीतरी पियानोवाला बसवून नोटेशनवरून वाजवून घेतलं. आधी नाव बदललं. आता हात.

१९ जानेवारी, शनिवार. सातारा

व्याख्यान चांगलं झालं. विषय गुलामांच्या पोरांनी घडवलेलं संगीत. मळ्यांतल्या बेड्यांपासून सुरुवात केली, मिरजेच्या चर्चपर्यंत आलो. ज्याच्या आजोबाला देवळाच्या पायरीवर उभं राहून भजन ऐकावं लागलं, त्याच्या नातवाने पियानोवर हात ठेवला, आणि बाजाराने आधी त्याचं आडनाव धुतलं. लोक हलत नव्हते. एल.पी. वर धरून म्हणालो, "पानिपतानंतर आपल्याकडे तोतये आले होते. हा आत्ताचा. या वेष्टनात साळवे नाही." पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने काठी आपटली.

मुक्काम जुन्या मित्राकडे, शिंद्यांकडे. लय गार. व्याख्यानात होतो तेवढी ऊब अंथरुणात नाही.

एक गोष्ट सलते. जेवताना शिंदे सहज म्हणाला, "गड्या, नुसत्या कानाच्या भरवशावर एवढं बोललास?" कानावर नाही तर कशावर बोलायचं?

२३ जानेवारी, बुधवार

मार्थाताईंनी शेजाऱ्याकडून निरोप पाठवला: रेकॉर्ड कंपनीचा माणूस आलाय, या. गेलो.

मेहेंदळे नावाचा. पन्नाशीचा, हडकुळा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. सुटाबुटातला कोणी असेल असं मनात धरून गेलो होतो. त्याला दुसरी तबकडी हवी. तिचा कंपनीतला साचा खराब झालाय, आणखी प्रत कुठे सापडत नाही. महिन्याभरात परत देईन म्हणतो.

मी म्हणालो, पहिलीचं काय केलंत ते मी साताऱ्यात जाहीर सांगितलंय. वाजवणारा कोण, त्याचं नाव सांगा.

"डॅनियल साळवे," तो म्हणाला. "त्या एका बाजूवर मी महिनाभर बसलो होतो, सर."

"म्हणजे हात तुमचे."

तो चिडलासुद्धा नाही. दोन्ही तबकड्या खिडकीपाशी नेल्या, तिरक्या धरून पाहिल्या. मग मलाच विचारलं, "दर रविवारी लोखंडी सुईने वाजवता? दोन्हींचा मधला भाग राखाडी पडलाय, बघा. असंच चाललं तर थोड्या वर्षांनी यात उरेल काय?"

मी बोललो पुष्कळ. बाजार, मालकी, एका माणसाचं नाव दोनदा चोरणं. मुद्देसूद बोललो. त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, हे बसमध्ये लक्षात आलं.

निघताना मार्थाताईंनी विचारलं, "देऊ का सर?"

नाही म्हटलं. त्यांनी तबकड्या पिशवीत घातल्या. मेहेंदळे पाच तारखेला पुन्हा येणार.

२८ जानेवारी, सोमवार

हे लिहायला बसायला दुपार लागली.

सकाळी सुमती मटार सोलत होती. मी येरझाऱ्या घालत पाच तारखेला मेहेंदळ्याला काय सुनवायचं ते घोकत होतो. वेग वेगळा, सूर वेगळा, हा काय एका माणसाचा हात? सु. मान वर न करता म्हणाली, "अहो, आप्पांनी ग्रामोफोनचा स्क्रू फिरवून ठेवलाय, तो धरलाय ना तुम्ही हिशेबात?"

कुठला स्क्रू?

तबकडीच्या खालचा. वेगाचा. आप्पा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर नाटक कंपनीत पेटीवर. घरी नवीन तबकडी आली की तिच्याबरोबर पेटी वाजवून बघायची, हा त्यांचा नेम. तबकडीचा सूर पेटीच्या पट्टीत बसला नाही की स्क्रू फिरवायचा, तबकडी पळवायची, सूर वर आणायचा. सु. म्हणते, सांगलीतल्या एकूण एका पेटीवाल्याच्या घरी हेच. "पेटी कशी बदलणार? तबकडीनेच पेटीकडे यायचं, असं म्हणायचे." ते गेले, ग्रामोफोन आमच्याकडे आला. स्क्रू तसाच. इतकी वर्षं मंडळाने जे जे ऐकलं ते आप्पांच्या पट्टीत.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होता."

एल.पी. लावली. शेजारी ग्रामोफोन, त्यावर लाखेची; काल मंडळ संपल्यावर मी ती मार्थाताईंकडून मुद्दाम मागून ठेवली होती. सु.ने स्क्रू हळूहळू उलटा फिरवला. सूर उतरत उतरत आला आणि एका जागी दोन्ही एकमेकांत शिरले. मग एकच पियानो. डाव्या हाताची मधे एक चूक होते, बोट शेजारच्या पट्टीवर पडतं आणि तो लगेच सावरतो. ती चूक दोन्हीकडे, एकाच क्षणी. चूक कोणी नोटेशनवरून वाजवत नाही.

तोच आहे. डॅनियलच आहे.

साताऱ्यात काठी आपटणारा म्हातारा डोळ्यांपुढून जात नाही.

पण शेवट पुन्हा लावला. सूर विरला. एल.पी. गप्प झाली, लाखेची बोलली. म्हणजे माणूस तोच, आणि त्याला गप्प केलाय. गुणगुणणंही कुठे गाडलंय. वेगात मी चुकलो. हे मी केलेलं नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

मंडळात सांगितलं. साताऱ्यात बोललो ते चूक होतं, तिथेही तसं कळवलंय. आप्पांचा स्क्रू समजावला. सुभेदार अस्वस्थ. "मग मी क्लबात काय ऐकलं वो?" कोणीतरी म्हणालं, पवार, तुमची ड्युटी फाटकावर होती. "व्हय, फाटकावर हुती. पर फाटक उघडंच असायचं." सगळे हसले. तेही हसले.

मग पहिली तबकडी, खऱ्या वेगात. पियानो जड झाला होता. पण तो चालत नव्हता, पाय रोवून उभा होता. मला लाज वाटली, आणि फार आवडलाही. शेवट आला.

"चला, झालं."

आजवर तिथे एक पोरसवदा, चिरका आवाज असायचा. आज भरल्या छातीचा पुरुष बोलला. दमलेला, थोडा खूश.

मार्थाताईंनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "मला वाटायचं, तबकडीत गेला की माणसाचा आवाज बारीक होत असेल. मी तसाच मान्य केला होता." मग म्हणाल्या, "हा त्याचा आहे. जेवून उठताना असंच म्हणायचा."

पुन्हा लावा म्हणाल्या. मी तबकडी उजेडाकडे धरली. राखाडी पडलेला भाग, लोखंडी सुई. "लावा सर," त्या म्हणाल्या. लावली.

दुसरी कोणी मागितली नाही. तीत सुरुवातीला तो साथीदारांना मात्रा मोजून देतो, मराठीत. एक, दोन, एक दोन तीन चार. ती खऱ्या वेगात अजून कोणीच ऐकलेली नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार. मिरज

मेहेंदळ्याची आधी माफी मागितली. त्याने मान हलवली, चहा घेतला. मग सरळ विचारलं: शेवटचे शब्द कुठे गेले?

"मी कापले."

इतकं सरळ येईल असं वाटलं नव्हतं. कंपनीचा नियम आहे म्हणाला. वादनाव्यतिरिक्त जे काही असेल तो रेकॉर्डिंगचा दोष. खरखर काढताना गुणगुणणं दबलं, टेपचं शेपूट कात्रीने गेलं.

"भाषा कळली नाही तुम्हाला?"

"मी पुण्याचा, सर. कळली. तीन दिवस कापलं नाही. मग कापलं."

मार्थाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि दुसरीतले आकडे?"

"या वेळी राहू देईन."

मी म्हणालो, लिहून द्या. तो म्हणाला, लिहून दिलं आणि ते वर कोणी वाचलं, तर हे काम दुसऱ्याकडे जाईल, आणि तो दुसरा तीन दिवससुद्धा थांबणार नाही. हे खरं असेल. किंवा तबकडी हातात पडेपर्यंतचं बोलणं असेल. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. आता स्वतःच्या कानांवरही माझा पूर्वीसारखा भरवसा नाही, डोळ्यांवर कुठून ठेवू?

दिली तर कदाचित आकडे जातील. न दिली तर आमच्या सुईखाली सगळंच जाईल, पियानोसकट. आणि वाजवलीच नाही तर ती पिशवीत काळी वडी होऊन पडेल.

तो पाहुण्यांकडे राहणार, सोमवारी सकाळच्या गाडीने मुंबईला. तोवर सांगा म्हणाला. या वेळी मार्थाताईंनी मला विचारलं नाही. बरं वाटलं की वाईट, ठरवता येत नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मंडळातल्या सगळ्यांना आज कार्डं टाकली. मजकूर इथे उतरवून ठेवतो. सु.ने वाचलं आणि म्हणाली, तुम्ही गप्प बसाल? बघू.

"मंडळींनो, येत्या रविवारी सांगलीला आमच्याकडे येऊ नका. मार्थाताईंच्या घरी मिरजेला जमायचं आहे. ग्रामोफोन मी टांग्यातून नेतोय, नवी सुई मिळवलीय, स्क्रू जागेवर आहे. दुसरी तबकडी लागेल, एकदाच. मेहेंदळ्यांनाही बोलावलंय, ते तुमच्याच शेजारी बसतील. साळव्यांचा डॅनियल मात्रा मोजेल, तेव्हा खोकू नका. संपल्यावर टाळ्या नकोत, भाषण नको, माझंसुद्धा. मार्थाताईंना 'द्या' म्हणू नका, 'देऊ नका' म्हणू नका. त्यांच्याकडे बघूही नका. सोमवारी सकाळी त्या स्टेशनवर पिशवी घेऊन जातील की रिकाम्या हाताने, ते त्यांचं त्या ठरवतील. आपण एवढंच करायचं. रविवारी संध्याकाळी पाचला मिरजेला या, आणि ऐका."