नातीच्या कंप्युटरात पिकलेलं मीठ

तीर्थस्वरूप गुणाजी भावोजी आणि बायजाआक्का यांना धाकट्या हिरामणचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र गणपतीत आलं आणि उत्तर दिवाळीचा फराळ संपल्यावर जातंय, म्हणून आधी कान पकडतो. आळस म्हणू नका. दोन महिने मी एका पाण्याच्या राखणीवर होतो, आणि राखणीवरच्या माणसाने मान खाली घालून लिहीत बसायचं नसतं. आक्काच्या डोळ्याची पट्टी निघाली का? तुमचा गुडघा जिना चढू देतो का? माझं म्हणाल तर छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणतात की यंत्र ठीक आहे, मालक घाबरट आहे.

आमच्या निकेतची प्राप्ती तुम्हाला आठवत असेल (तुमच्या मांडीवर बसून तुमचीच मिशी ओढायची ती). ती आता अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढते, खऱ्या वाटतील अशी, आणि तिचा पगार पुण्याहून येतो. मोठं चित्र असलं की तिचा जुना कंप्युटर तापून बंद पडायचा. पुण्याच्या साहेबांनी सांगितलं, दोन महिने बघू. घरून काम वेळेवर झालं तर राहा घरी, नाहीतर इथे येऊन बस. मला विचाराल तर मला काहीच फरक पडत नाही. पोरगी आज ना उद्या जायचीच. हे मी आमच्या सौ. सगुणेला दिवसातून चार वेळा सांगतो.

तर प्राप्तीने सुटे भाग मागवून नवा कंप्युटर स्वतः जोडायचा ठरवला, आणि तोही पाण्याने गार राहणारा. विजेच्या पेटीत मुद्दाम पाणी खेळवायचं हे ऐकून मी दोन दिवस मीटरखाली खुर्ची टाकून बसलो, म्हणजे वेळ आली तर खटका पाडता येईल. तिने समजावलं, की पाणी नळीतूनच फिरतं, तापलेल्या भागाची ऊब घेऊन निघतं आणि पंख्यापाशी गार होऊन परत येतं. तेव्हा मला तुमच्या होडीचं इंजिन आठवलं. तेही पाण्यानेच गार राहायचं. मी तसं बोललो, पोरगी खूश झाली, आणि चौथी पास माणूस घरात एकदम जाणकार ठरला. तिथेच घात झाला.

जाणकार म्हणून मला पोयनाडच्या नाक्यावर बॅटरीचं पाणी आणायला पाठवलं. गॅरेजवाल्या चांगदेवने विचारलं, "कुठली गाडी, आबा?" मी म्हटलं, नातीचा कंप्युटर. तो म्हणाला, "मग जाता जाता क्लच प्लेट पन बगून घ्या." त्यानंतर मी त्या नाक्यावर चहा प्यायचा सोडला आहे. घरी येऊन मी त्या पाण्याची चव घेतली. (चाळीस वर्षं मिठागरात काढली, चव घेतल्याशिवाय पाणी माझ्या हातून पुढे जात नाही.) चवच नव्हती. "आबा, पिऊ नको, त्यात काय पन नाय," प्राप्ती म्हणाली. पाण्यात क्षार असले तर ते आत धरतात आणि वाट बुजवतात, म्हणून काहीच नसलेलं पाणी लागतं, हेही तिने सांगितलं. मला समजलं. समजलं होतं, हे लक्षात ठेवा.

मग परीक्षा. कंप्युटर बंद ठेवून नुसतं पाणी दिवसभर फिरवायचं, प्रत्येक सांध्याखाली मऊ कागद ठेवायचा आणि कागद ओला होतो का ते पाहायचं. ही राखण माझ्याकडे आली. सगुणा चुलीपासून म्हणाली, "जन्मात यांचा एक बांध कोरडा ऱ्हायला न्हाय, आन पोरीनं यांनाच राखनीला बसवलं." ते खरं आहे, म्हणून मी कागद मोजत बसलो. अकराच्या सुमारास एका कागदावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. आणि भावोजी, चाळीस वर्षांची जीभ, ती "गळतंय" असं थोडीच म्हणणार. मी ओसरीवर धावत जाऊन ओरडलो, "खांड पडली." आमच्याकडे बांध फुटल्याची ही हाक ऐकली की माणूस ताटावरून उठतो. शेजारचा रावजी फावडं घेऊन आला, त्याच्या मागून घमेलं घेतलेली त्याची सून, आणि चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन आणखी दोघे. सगळे त्या काचेच्या पेटीपुढे उभे. रावजीने आत वाकून विचारलं, "चिखल कुठं थापू?" प्राप्ती पेटीला पाठ लावून उभी राहिली, नाहीतर त्याने थापलाही असता. मग तिने डाग पाहिला. सांधा होता चार बोटं पलीकडे. डाग होता बरोबर माझ्या नाकाखाली. "आबा, हा तुझा घाम हाय."

चौघांना चहा पाजावा लागला. रावजी आता रस्त्यात दिसलो की विचारतो, उधाण काय म्हणतं.

असो. संध्याकाळपर्यंत सगळे कागद कोरडे राहिले (माझा सोडून), कंप्युटर सुरू झाला, आत निळे दिवे लागले आणि सगुणेने ते मखर समजून हात जोडले. तेव्हापासून काम उत्तम चाललंय. इकडची काळजी नसावी. आक्काला जपा.

तुमचा,
हिरामण

ता. क. भावोजी, होडीच्या इंजिनात खाऱ्या पाण्याचं मीठ धरलं की तुम्ही ते कसं धुवायचात? सहज विचारतो.

ता. क. २. सहज नाही. कंप्युटरात पाणी साठवायची एक उभी काच आहे, तिच्यात पाणी बोटभर कमी दिसलं. मी घाबरलो. बॅटरीचं पाणी आणायला चांगदेवचं तोंड बघावं लागलं असतं, म्हणून देवघरातल्या तांब्यातलं दोन घोट पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी, पुन्हा ओतलं. असं आठ दिवस. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, तुम्ही स्वतः इथे चहा प्यायला नकार दिला होता. काल झाकणाच्या कडेला पांढरी कड दिसली. बोटाने चाखली. दाणा बारीक, पण माल चांगला आहे. तो आनंद घोटभर टिकला आणि मग ध्यानात आलं, की आत नळीतही हेच पिकलं असणार. रेवदंड्याहून बॅटरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या गुपचूप पाठवा. यंत्र बंद पडलं तर पोरगी पुण्याला जाईल. वर मला फरक पडत नाही असं लिहिलंय, ती ओळ खोडून वाचा.

ता. क. ३. पाकिटावर पिनकोड घालायला पत्र प्राप्तीकडे दिलं आणि तिने ते सगळं वाचलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण काचेत तुळशीचं पान फिरत होतं. मी ओतायचो आणि ती रोज सगळं काढून, आतून धुऊन, नवं भरायची. वर बोटभर जागा मोकळीच ठेवायची असते म्हणे; तीच मला रोज कमी दिसायची. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले असते तर तू दुसरं कायतरी ओतलं असतंस." तेव्हा बाटल्या नकोत. मी हळूच विचारलं, सोमवारी दोन महिने भरतात, पुण्याच्या साहेबांना काय कळवणार? ती झाकण पुसत म्हणाली, "तिथं गेले तर रोज पाणी कोन घालेल?" ही चेष्टा होती की उत्तर, ते मला चौथी पासाला उलगडत नाही. तुम्हाला उलगडलं तर सोमवारच्या आत एक ओळ टाका. वाट बघतोय.