ओ द्यायची नाही

९ डिसेंबर

पोचले एकदाची. डोंगरातल्या रस्त्यानं हाडं खिळखिळी केली, पण दारातच कोणीतरी गरम पेजेचा वाडगा हातात दिला, वर खारवलेली मोहरीची भाजी. मग मी बसला नि ड्रायव्हरला, दोघांनाही माफ करून टाकलं. अनाथाश्रम नदीकाठी आहे. आमची मुलं तिसऱ्या मजल्यावर. कोणाचे पाय ताठ, कोणाच्या हृदयाला भोक, कोणाला दिसत नाही. ज्यांना दत्तक जायचंय, ती सगळी इथेच थांबलेली.

माझी खोली फू मावशींबरोबर. साठीला आलेल्या, तोंडानं फटकळ. माझे हात उलटेपालटे करून बघितले नि म्हणाल्या, हे शेतातले हात आहेत, टिकशील तू. शहरातल्या पोरी आठवड्यात पळतात. इथे आम्ही सगळ्या मावश्याच. मी आता तान मावशी.

शाओहे नावाची सहा वर्षांची पोरगी आहे, फाटलेला ओठ शिवलेला, पण जीभ कात्रीसारखी. पहिला प्रश्न विचारला, तू घोरतेस का? मी म्हटलं, घोरते. तर म्हणाली, मग फू मावशींचं नि तुझं जमेल.

दीड महिना इथे काढायचा की जानेवारीअखेर, चांद्र नववर्षाला घरी. माझी मेइया सात वर्षांची आहे, गावी सासूबाईंजवळ. तिला लाल कोट घेऊन जाईन म्हटलंय.

१३ डिसेंबर

कंबर मोडली. दुपटी वाळतच नाहीत, सगळ्या जिन्यात दोऱ्या बांधल्यात. दोंगली ताठ पायांनीही असा काही चमचा भिरकावतो की विचारू नका, आणि मग आपणच खदाखदा हसतो. आंधळा लू मला चपलांच्या आवाजावरून ओळखायला लागला.

आज फू मावशींनी नियम सांगितला. कुठल्याही लेकरानं ‘आई’ म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही. आई फोटोतली, मी मावशी, एवढंच म्हणायचं. ज्या मुलाला घर मिळतं, त्याच्या नव्या आईबापांचे फोटो येतात. ते रोज दाखवायचे, ‘आई’ म्हणायला शिकवायचं. आईची जागा रिकामी राहिली पाहिजे, नाहीतर लेकरू तिकडे जाऊन रुजत नाही. पटलं मला. जीव तुटतो, पण पटलं.

खिडकीजवळचा पलंग रिकामा आहे, रजई घडी घालून ठेवलेली. दोन मुलं एका पलंगावर झोपतात, तरी तिथे कोणाला घालत नाहीत. विचारलं, तर फू मावशी म्हणाल्या, तिथे वारा लागतो.

२१ डिसेंबर

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, इकडे सण असतो, सगळ्यांना मटणाचं सूप. फू मावशींकडे एक चाळिशीचा माणूस आला, पिशवीभर संत्री घेऊन. बरं आहे ना मावशी, म्हणाला, दहा मिनिटं बसला, गेला. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मावशी जिन्यात उभ्या होत्या. भाचा असेल. संत्री सगळी मुलांना वाटून टाकली, स्वतः एक फोड खाल्ली नाही.

झोपतात मात्र गमतीदार. एवढा मोठा पलंग, नि ही बाई अगदी काठावर, एका कुशीवर. मी चिडवलं, दुसऱ्या बाजूला काय म्हातारा झोपतो का? त्या हसल्या नाहीत.

४ जानेवारी

शाओहेला घर मिळालं! दूरदेशीची माणसं आहेत, आईचे केस पिवळे, एक तपकिरी कुत्रा. शाओहेचं म्हणणं, कुत्रा बरा आहे, आईचं बघू. रोज दुपारच्या झोपेआधी फोटो घेऊन बसतो आम्ही. ही कोण? आई. हे कोण? बाबा. आणि मी कोण? घोरणारी मावशी.

आज शिकवता शिकवता खिडकीकडून कोणीतरी बारीक आवाजात ‘आई’ म्हटलं. मी बघितलं, तिकडे कोणी नव्हतं. लूनं मात्र मान तिकडे वळवली होती.

९ जानेवारी

फू मावशींना विचारलंच. भाजी निवडताना, मान वर न करता त्यांनी सांगितलं. त्या पलंगावर शुए होती, पाच वर्षांची, हृदयाला भोक. तिलाही घर मिळालं होतं. फोटोला दिवसभर आई, आई म्हणायची. माणसं यायच्या पंधरवडाभर आधी, शरद ऋतूत, गेली.

“हाक शिकली पोर,” मावशी म्हणाल्या, “पण ओ मिळाली नाही.”

म्हणून ती अजून मारते हाक. दुपारी, मुलं झोपली की. आपण ओ द्यायची नाही. मी म्हटलं, दिली तर? त्यांनी भाजीचं टोपलं उचललं नि स्वयंपाकघरात गेल्या.

माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. पण दुपारी मी आता जिन्यात बसते.

१५ जानेवारी

आज शाओहे गेली.

इथली रीत अशी की मुलाला फाटकापाशी नव्या आईच्या हातात द्यायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागून काहीही ऐकू आलं तरी वळायचं नाही. शाओहे सकाळपासून चुरुचुरु बोलत होती, कुत्र्याला काय खायला घालायचं वगैरे. पिवळ्या केसांची बाई रडत होती. चांगली वाटली. मी पाठ फिरवली.

मग मागून हाक आली. मावशी नाही. ‘आई.’ एकदा, दोनदा, मग किंचाळून.

मी वळले नाही. ओ दिली नाही. सरळ जिना चढले.

त्याच दिवशी

वर आले तेव्हा मुलं दुपारची झोपली होती. मीही तिथेच, भिंतीला टेकून डोळे मिटले. एवढी थकले होते की कुठे आहे तेच कळेना. कोणीतरी म्हणालं, आई. वाटलं शाओहे परत आली. वाटलं मेइया आहे, घरी आहे मी.

मी म्हटलं, “हो गं बाळा, आले.”

डोळे उघडले तर फू मावशी दारात उभ्या होत्या. हातातली दुपटी खाली पडलेली. खिडकीजवळची रजई उलगडलेली होती.

१८ जानेवारी

घरी फोन केला. मेइयानं उचलला. म्हणाली, आजी शेतात गेलीय, तुम्ही कोण बोलताय? मी म्हटलं, अगं आई बोलतेय. ती नीट, शहाण्या मुलीसारखं म्हणाली, नमस्कार मावशी.

थट्टा करते कार्टी. महिनाभर गेले नाही म्हणून रुसली असेल.

माझ्या पलंगाची भिंतीकडची बाजू गार असते. मी काठावर सरकून झोपले.

१९ जानेवारी

फू मावशींनी सांगितलं सगळं. तो संत्रीवाला भाचा नव्हे. त्यांचा मुलगा. पोटचा. तीस वर्षांपूर्वी त्यांनी अशीच ओ दिली होती, असंच गेलेल्या दुसऱ्या एका लेकराला. तेव्हापासून मुलगा मावशी म्हणतो. त्याला आठवतच नाही. कोणा मावशीनं लहानपणी जीव लावला, एवढंच आठवतं, म्हणून संत्री आणतो.

मी ओरडले त्यांच्यावर. आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर राहिली असतीस का? आणि मुलांचं कोणी केलं असतं?

मग माझा हात धरून म्हणाल्या,

“एका आईला एकदाच ओ देता येते गं.”

रागावू तरी कोणावर? शुएवर? पाच वर्षांची पोर. तिनं मागितलं काय, तर आई.

२३ जानेवारी

सुट्टी मिळाली. बसमध्ये बसलेय. लाल कोट मांडीवर आहे. शेजारची जागा रिकामी, तरी कोणी बसत नाही. एक बाई बसायला आली, जागेकडे बघून हसली नि म्हणाली, राहू दे, झोपलंय लेकरू.

२४ जानेवारी

घर. सासूबाई ओळखतात. मेइया नाही. सासूबाई तिला रागावल्या, अशी काय करतेस, आई आहे तुझी. मेइया त्यांच्यामागे लपली. कोट घेतला. दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू मावशी म्हणाली —

मी मागे परसात जाऊन रडले. कोणीतरी माझा पदर — नाही, पदर कुठला. जॅकेटची कड. घट्ट धरलेली.

मी झटकली नाही. झटकवेना.

२५ जानेवारी

जेवायला सासूबाईंनी एक वाडगा जास्त मांडला. कोणासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. मेइया खोकतेय.

२६ जानेवारी

नववर्ष. फटाके. मेइयाला ताप —

२७ जानेवारी

ताप उतरत नाही. सासूबाई वैद्याला आणायला खालच्या वाडीत गेल्यात. भर दुपार. मी तिच्या उशाशी. कपाळ नुसतं पेटलंय. मला ओळखत नाही, तरी बोट धरलंय माझं. मी देवाला म्हणतेय, मावशी म्हणू दे, जन्मभर म्हणू दे, पण —

तिनं डोळे उघडले.

आई म्हणाली. माझ्याकडे बघून. मेइयानं. ओळखलं तिनं मला. आई, मला भीती वाटतेय, म्हणाली —

ओ द्यायचीय. तोंड उघडत नाही. तोंडावर हात आहे. छोटा. गार. बोलता येत नाही म्हणून लिहितेय — मेइयाला अजून एवढं वाचता येत नाही —

परत हाक मारली. ती माझ्याकडे बघतेय. वाट बघतेय. बोट सैल —

शुए, बाळा, एकदाच. एकदाच सोड. मी कुठे जात नाही. तुझीच आहे. पण तिला एक ओ —

परत म्हणाली. हळू. आई, आहेस ना —