अण्णा, तो चिखलच होता

अण्णा, तुमच्या धाकट्याने तुम्हाला वैद्य करून ठेवलंय. पेणला, रामवाडीत हायवेलगत त्याचं दगडांचं दुकान आहे. तिथे तुमचा हार घातलेला फोटो आणि खाली पाटी: ‘यांच्या हातच्या दगडाने अनेकांना गुण आला.’ आयुष्यभर तुम्ही जहाजाच्या इंजिनाशी झटलात, निवृत्त झाल्यावर दगड कापून घासत बसलात. गुण कोणाला आला आणि कधी, हे तुम्हीच सांगा, कारण मी त्याच घरात राहत होते आणि मला तसलं काही दिसलं नाही.

आजही डोळ्यांसमोर दिसतं ते निराळंच. मागच्या पडवीत तुमचं मशीन घरघरतंय, राखाडी पाणी मोरीत उतरतंय आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "मोरी तुंबली तर तुमचे दगडच घालीन आमटीत!" तुम्ही मादागास्करच्या बंदरातून आणलेला, बटाट्यासारखा ओबडधोबड गोळा मधोमध कापता आणि दोन्ही फाका माझ्यासमोर धरता. आत मधासारख्या पिवळ्या रेघा, त्यांना तपकिरी काठ, मधे करडा रंग. मी विचारते, हे कुणी रंगवलं? तुम्ही म्हणता, "कुणी नाय. चिखल हाय हा. समुद्राच्या तळाशी गोळा झाला, आतून आकसला, भेगा पडल्या. भेगांत खनिजाचं पाणी मुरत राहिलं. सेप्टेरियन म्हणतात." मग लोकरीच्या नमद्यावर घासून घासून तो आरशासारखा करता. टीव्हीवर ठेवायला, पाहुण्यांना दाखवायला. तेवढ्यासाठीच होता तो.

शेजारच्या काकी त्याच पडवीत विरजण मागायला आल्या होत्या, आठवतं? खारेपाटातली बाई, मिठागरात उभं राहून गुडघे गेलेले. त्यांनी सहज एक फाक गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "गार वाटला हो भावजी. दुखणं उतरलं जनू." तुम्ही हसलात. "मग न्या वहिनी. दगडानं काय बिघडतंय?" काकी तो पदरात घालून घेऊन गेल्या. आम्ही दोघं भावंडं तिथेच बसलो होतो. मी विसरले. धाकटा विसरला नाही.

आता काकी रोह्याला मुलाकडे असतात. मी तिथल्याच लॅबमध्ये रक्त तपासते. गेल्या महिन्यात त्या लंगडत आल्या, पायाला फडकं गुंडाळलेलं. साखर एवढी चढलेली की मशीन बिघडलं असं वाटून मी पुन्हा तपासली. विचारलं, "काकी, गोळ्या घेताय ना?"

"सोडल्या गो. पोटात आग व्हायची. तुझ्या भावानं मोठा दगड दिलाय ना. रात्रभर पान्यात ठेवते, सकाळी पिते. तुझ्या बापाचाच दगड, तो काय वाईट करील?"

अण्णा, मी फडकं सोडलं. करंगळी काळी पडत होती. मुलाला फोन करून बोलावलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "घरात शिकलेलं कुणी नाही का?"

दुसऱ्याच दिवशी पेणला गेले. दुकानात धाकटा तसलाच सेप्टेरियन हातात धरून एका जोडप्याला सांगत होता, हा ड्रॅगन स्टोन, किडनी साफ करतो. किडनी, अण्णा! तुमची किडनी गेली तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तुम्हाला घेऊन जाणारा हाच. घरभर दगड होते, एकाने तरी तुमची सुई चुकवली का? आणि तुम्ही स्वतः गोळी कधी चुकवली नाहीत. पाच मिनिटं उशीर झाला तरी आईला हाका मारायचात.

मी त्या जोडप्यासमोरच म्हटलं, "चिखल आहे हा. सुंदर आहे म्हणून घ्या, बरं व्हायला घेऊ नका." ते निघून गेले. धाकटा लाल झाला.

"ताई, नुसता सुंदर म्हणून दगड कोण घेतो गं? हातात घेतात, बघतात, ठेवून जातात."

"काकींचं बोट जाईल."

त्याने हातातला दगड फळीवर ठेवला. मग म्हणाला, "मी गोळ्या सोडा नाय सांगितलं. आणि अण्णांनीच नाय का त्यांच्या गुडघ्याला दिला? तेव्हा तू कुठं ओरडलीस?"

खुर्ची ओढून वर चढले आणि फोटो उतरवला. त्याने अडवलं नाही. पण त्याच्यापेक्षा मला तुमचाच राग आला होता, आजही आहे. तुम्हाला सगळं माहीत होतं. मला समजावलंत, तसं त्या बाईला का नाही समजावलंत? तिला कळणार नाही असं वाटलं, की तिच्या तोंडचं कौतुक गोड लागलं? हसून सोडून देणं तुम्हाला फुकट पडलं. किंमत तिच्या पायाने मोजली.

बोट वाचलं. करंगळीचं टोक तेवढं काढावं लागलं. दुकानातली पाटी आता नाही, दगड आहेत, तो किडनीचं बोलतो की नाही ते मी नसताना कोण बघणार?

परवा काकींना इन्सुलिन कसं टोचायचं ते शिकवायला गेले होते. निघताना म्हटलं, तो दगड द्या, मी घेऊन जाते. त्यांनी दिला, लगेच दिला. मग म्हणाल्या, "सुई टोचताना लय भ्याव वाटतं गो. तेव्हा हातात काय धरू?"

मी दगड त्यांच्या हातात परत ठेवला. पाण्यात घालू नका, एवढंच सांगितलं. हे धाकट्याला कळू दिलेलं नाही, आणि तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.