बंदीच्या दिवसांतले अल्बम

बाबा,

बंदी लागली. बोटी वर ओढल्या, जाळी घरोघरच्या परसात आली, जेटीवर सामसूम आहे. मी ज्या बर्फाच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते तिथेही पावसाळ्याचे हे दोन महिने मासेमारीच नाही म्हटल्यावर बर्फ कोण घेणार, त्यामुळे चारलाच घरी येते. सकाळी लावलेला भात संध्याकाळीही पुरतो. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. शेजारणी चांगल्या आहेत, पण मला बोलायचं असतं नव्या आलेल्या मेटल अल्बमांबद्दल, आणि ते ऐकून त्या बिचाऱ्या काय करणार? म्हणून तुम्हाला लिहितेय.

यंदा माल भरपूर आलाय. तुम्ही ज्या बँडला ‘सहा सिलिंडर’ म्हणायचात त्यांचा शेवटचा अल्बम शिमग्याच्या सुमारास आला. यानंतर आम्ही थांबणार, असं त्यांनीच जाहीर केलंय. मुखवटे घालून वाजवणाऱ्या त्या पोरांचाही एक आलाय, त्यात गाणी कमी आणि कुजबुज जास्त, असं लोक म्हणतात. चार बायकांचा एक नवा बँड आहे, त्यांचं म्हणे जोरदार आहे. गणपतीनंतर आणखी दोन यायचेत, त्यातला एक दुहेरी. आता मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या हातापाया पडून कॅसेट मागवावी लागत नाही. शुक्रवार उजाडला की अल्बम फोनमध्ये हजर. तरी मी ऐकत नाही, बंदी लागेपर्यंत ठेवून देते. दुनिया ऐकून शिळी होते तेव्हा माझी सुरुवात.

ही सवय तुमचीच. मी कॉलेजात होते आणि पहिली कॅसेट शेजारच्या चाचांच्या मुलाने कुवेतहून आणलेली, कव्हरवर कवटी. आईने ती बघितली आणि म्हणाली, “बाय, घरात देव हायत. ह्यो मसणवटा भायेर ठेव.” मी न ऐकल्यासारखं करून टेप लावते आहे. तुम्ही विडी ओठात धरून काडेपेटी शोधताय. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं काढून तुमचे कान गेलेले. आम्ही ओरडून बोलायचो आणि तुम्ही तुम्हाला हवं तेवढंच ऐकता, अशी आईची कायमची तक्रार. काडेपेटी स्पीकरच्या बॉक्सवर आहे. तुम्ही हात टाकता, बॉक्सची थरथर हाताला लागते आणि तो हात तिथेच राहतो.

“ह्या काय हाय गो?”

“गाणं आहे, बाबा.”

“गाणा? ह्या तर इंजिन हाय.”

विडी पेटवायची राहूनच गेली. त्या दिवसापासून ठरलं की नवी कॅसेट तुमच्यासाठी ठेवायची. हंगामात तुम्ही आठ-आठ दिवस समुद्रात, घरी आलात की झोप. म्हणून ऐकायची ती बंदीतच, दोघांनी, अख्खी, मध्ये न बोलता, आणि कुणी चोरून आधी ऐकायची नाही. संपली की तुम्ही निकाल द्यायचात. “लोड घेतल्याव दम सोडतो.” “ह्याचा डायवर पिऊन हाय.” एकदा जगभर नावाजलेल्या एका अल्बमला तुम्ही म्हणालात, “इंजिन बरा, पन बोट जाग्याव.” मी इतकी रागावले की दोन दिवस बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. आणि पाहुणे विचारायचे, पोरगी असलं काय ऐकते, उद्या हिच्याशी लग्न कोण करील, तेव्हा तुम्हाला नेमकं काही ऐकू यायचं नाही. त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे, बाबा. लग्न नाही झालं ते नाही झालं.

तुम्ही गेल्यावर पहिल्या बंदीत मी काहीच लावलं नाही. पुढच्या वर्षी फोनवर अशाच वेड्यांचा एक ग्रुप सापडला, कुणी फिनलंडचं, कुणी चिलीचं. तिथे एकदा मी ते बोट जाग्यावचं वाक्य इंग्रजीत करून टाकलं, कान गेलेल्या, बॉक्सवर हात ठेवून ऐकणाऱ्या माझ्या बाबांचं मत म्हणून. लोक खूश झाले. पुढच्या अल्बमला त्यांनीच विचारलं, तुझे बाबा काय म्हणतात? तुमची खरी वाक्यं दोन-तीन वर्षांत संपली. मग मी बॉक्सवर हात ठेवून बसायचे आणि वाक्य यायचं, तुमच्याच आवाजात. तेही टाकायचे. रत्नागिरीत बंदी कधी लागते हे आता फिनलंडमध्ये ठाऊक आहे; तुम्ही नाही आहात हे तिथे कुणाला ठाऊक नाही. लबाडी करतेय असं मला कधी वाटलं नाही. वर्षातून एकदा का होईना, तुम्ही काहीतरी नवीन बोलत होतात, आणि ते मला हवं होतं.

परवा सहा सिलिंडरवाल्यांचा तो शेवटचा लावला. बॉक्स जुनाच आहे, फोनची वायर त्याला जोडून घेतलीय. हात ठेवला. अल्बम संपला आणि काहीच आलं नाही. पुन्हा लावला. छान आहे, मध्ये जरा लांबलाय, ड्रमवाला अजून तसाच तुटून पडतो, हे सगळं मला वाटत होतं. तुम्हाला काय वाटतंय ते कळेना. मग मी रडले. तुम्ही गेलात तेव्हा घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांना चहा करायचा होता, तेव्हा नीट रडायला जमलंच नव्हतं.

ग्रुपवर विचारणा चालू होती, मी फोन पालथा करून ठेवला. काल सकाळी चिलीच्या बाईचा निरोप आला. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, कानाने काही ऐकू येत नाही, आणि हा शेवटचा अल्बम तिला त्यांच्यापर्यंत पोचवायचाय. तुझ्या बाबांना विचारून सांग, म्हणते, हात नेमका कुठे ठेवायचा?

यासाठी काही सुचायची वाट बघावी लागली नाही. बॉक्सच्या पुढून नाही, तिथे नुसता वारा लागतो. मागच्या फळीवर ठेवायचा, आणि पंजा नाही, मनगटाची आतली बाजू टेकवायची, कारण तुमचे तळहात दोरांनी राठ झालेले, त्यांना काही कळायचं नाही. बॉक्स भिंतीपासून सुटा, लाकडी पाटावर. हे सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, बाबांनी सांगितलंय. यातलं एकही अक्षर मी बनवलेलं नव्हतं.

आज तिचं उत्तर आलं. म्हाताऱ्याने अख्खा अल्बम ऐकला, शेवटपर्यंत हात काढू दिला नाही. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांचं वय काय आता? माझे अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

इथे सांगून टाकता आलं असतं. चांगली बाई आहे, तिने समजून घेतलं असतं. हे पत्र कुठे जाणार नाही, फोनमध्येच पडून राहील, म्हणून तुम्हाला खरं सांगते. आज तुम्ही किती वर्षांचे असता ते मी बोटांवर मोजलं, एक्याऐंशी लिहिलं आणि पाठवून दिलं.